स्पंजाच्या अंगात काच तयार होते म्हणजे नेमकं काय होतं?

समिधा_पी
मंडळी, मी एस.वाय. बी.एस्सी. झूऑलॉजी. पोरिफेरा, म्हणजे स्पंजांचा गट, शिकवून झालं आणि नोट्समध्ये सांगाड्याबद्दल एकच ओळ आहे, "स्पिक्युल्स हे स्क्लेरोब्लास्ट पेशींकडून स्रवले जातात" (स्पिक्युल्स म्हणजे सांगाड्यातले बारीक काटे), बास. पुढे लगेच अ‍ॅस्कॉन सायकॉन ल्यूकॉन हे शरीररचनेचे प्रकार आणि त्यांच्या आकृत्या. सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेला तेवढंच येतं. पण मला ते पचत नाहीये. आमच्या लॅबच्या कपाटात युप्लेक्टेला नावाच्या स्पंजाचा एक जुना वाळका नमुना आहे, वीतभर लांब पांढरी नळी, सगळीकडे चौकोनी जाळी आणि त्यावर तिरक्या पट्ट्या, इतकं मोजून-मापून केलेलं की कुणीतरी पट्टी लावून बसलं होतं असं वाटावं. आणि हे सगळं सिलिका, म्हणजे काचच झाली ना ती? काचेला भट्टी लागते. इथे गार पाणी, आणि प्राणी असा की मेंदू नाही, नसा नाहीत, धड पोटसुद्धा नाही. मग सिलिका येते कुठून, ती घट्ट कशी होते, आणि आकार कोण ठरवतं? नुसतं "स्रवले जातात" सोडून कुणी नीट सांगेल का? आणि हो, आंघोळीचा स्पंज तर मऊ असतो, त्यात काच का नाही टोचत?

खडपवाला
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे. आंघोळीचा खरा स्पंज, म्हणजे भूमध्य समुद्रातला स्पाँजिया वगैरे, त्यांच्यात स्पिक्युल्स नसतातच, सगळा सांगाडा स्पाँजिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचा, म्हणून तो मऊ आणि म्हणून तर माणसाने तो अंगाला लावला. (दुकानात मिळतो तो बहुतेक प्लास्टिकचा, तो विषयच वेगळा.) बाकीच्यांत कॅल्केरिया गटाचे स्पंज चुन्याचे काटे करतात आणि सिलिकाचे करतात ते डेमोस्पंज आणि काच-स्पंज, म्हणजे हेक्झॅक्टिनेलिडा. तुझा युप्लेक्टेला या शेवटच्या गटातला, खोल पाण्यातला. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीला खडपांवर जे नारिंगी, पिवळे, काळपट स्पंज चिकटलेले दिसतात ते बहुतेक डेमोस्पंज, आणि जगातल्या स्पंजांच्या जाती धरल्या तर फार मोठा हिस्सा यांचाच.

अजून एक, वाळूत कालवांचे जुने शिंपले सापडतात बघ ज्यांना बारीक बारीक गोल भोकं पडलेली असतात, ती पुष्कळदा क्लायोना नावाच्या स्पंजाची करामत. तो चुन्याचं कवच पोखरून आत राहतो आणि स्वतःचे काटे मात्र सिलिकाचे करतो, एका टोकाला गोळा आणि दुसरं टोक टोकदार. म्हणजे घर चुन्याचं, हाडं काचेची. मायक्रोस्कोपखाली एकदा बघाच.

अनिकेत_बायोकेम
मस्त प्रश्न. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी "स्क्लेरोब्लास्ट स्रवतात" हे खोटं नाही, पण स्रवतात म्हटलं की घाम किंवा लाळ डोळ्यासमोर येते आणि तसं काही होत नाही. डेमोस्पंजमध्ये काम सुरू होतं एका पेशीच्या पोटात. त्या पेशीला आता बहुतेक स्क्लेरोसाइट म्हणतात. तिच्या आत एक पडद्याची पोकळी असते आणि त्या पोकळीत पहिल्यांदा तयार होतो एक प्रोटीनचा बारीक धागा, अ‍ॅक्सिअल फिलामेंट. सिलिका नंतर येते. ती त्या धाग्याभोवती थरावर थर चढत जाते आणि काटा जाड होतो, धागा लांबत जातो तसा काटा लांबतो. धागा शेवटपर्यंत आत मधोमध राहतो, कुठलाही काटा आडवा मोडून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला तर मध्यभागी त्याची नळी दिसते, डेमोस्पंजमध्ये साधारण तिकोनी किंवा षटकोनी आणि काच-स्पंजमध्ये चौकोनी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तासभर नुसते फोटो बघत बसलो होतो.

आता तो धागा कशाचा? हे १९९८ मध्ये कळलं. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला मॉर्स यांची लॅब होती, तिथे शिमिझू, चा वगैरे मंडळींनी टेथिया ऑरँशिया नावाचा नारिंगी गोळ्यासारखा स्पंज घेतला. हा घ्यायचं कारण असं की याच्या सुक्या वजनातला तब्बल ७५ टक्के भाग सिलिकाच्या सुया, एकेक १ ते २ मिलिमीटर लांब आणि सुमारे ३० मायक्रॉन जाड. म्हणजे कच्चा माल भरपूर. त्यांनी सुया स्वच्छ केल्या, हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडने सिलिका विरघळवून टाकली (हे अ‍ॅसिड हाडापर्यंत जातं, कॉलेजात कुणी हौसेने करायला जाऊ नका) आणि उरलेले धागे तपासले. त्यात निघाली मुख्यतः तीन प्रोटीन्स, अगदी एकमेकांची भावंडं, नाव ठेवलं सिलिकॅटीन अल्फा, बीटा, गॅमा.

आणि गंमत इथे आहे. सिलिकॅटीनचं सीक्वेन्स जुळलं कुणाशी तर कॅथेप्सिन-एलशी. कॅथेप्सिन म्हणजे आपल्याही पेशींत असलेलं, प्रोटीन तोडणारं, पचनाच्या कामाचं एन्झाइम! फरक मोक्याच्या जागी, कॅथेप्सिनच्या अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे जिथे खरं काम होतं त्या जागी, सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं तिथे सिलिकॅटीनमध्ये सेरीन. म्हणजे उत्क्रांतीने काच करायला नवीन यंत्र आणलं नाही, घरातलं पचनाचं जुनं हत्यार थोडं बदलून दुसऱ्या कामाला लावलं. पुढच्या वर्षी त्याच गटाने दाखवलं की हे धागे परीक्षानळीत, साध्या तापमानाला, न्यूट्रल पीएचला, सिलिकॉनच्या एका संयुगापासून सिलिका जमवतात, आणि तेच धागे आधी उकळून बिघडवले तर जमवत नाहीत. आणि मोक्याचं सेरीन किंवा शेजारचं हिस्टिडीन बदललं की काम जवळजवळ बंद. म्हणजे धागा नुसता खुंटी नाही, तो स्वतः काम करतो.

जुना_मोल्डर
वाचतोय, छान लिहिलंय, पण एक शंका, मी बायोलॉजीवाला नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत उभं आयुष्य गेलं. आम्ही वाळूत सोडियम सिलिकेट कालवायचो आणि साच्यात कार्बन डायऑक्साइड मारायचो, काही सेकंदात साचा दगडासारखा कडक, कसली भट्टी आणि कसलं काय. म्हणजे सिलिका गार तापमानाला घट्ट होतेच की. मग त्या एन्झाइमचं एवढं कौतुक कशाला? भट्टी लागते ती वाळू वितळवायला, पाण्यात विरघळलेली सिलिका घट्ट व्हायला नाही.

अनिकेत_बायोकेम
काका, एकदम बरोबर जागी बोट ठेवलंत. "भट्टीशिवाय काच" हे पेपरवाल्यांना फार आवडतं पण खरी करामत ती नाहीच. स्पंजाची सिलिका वितळून थिजलेली काच नसतेच, ती पाणी धरून ठेवणारी अनियमित रचनेची सिलिका आहे, ओपल रत्नाच्या जातीची. आणि विरघळलेलं सिलिसिक अ‍ॅसिड पुरेसं दाट झालं की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, मधून पाणी बाहेर पडतं आणि जेल होतं, तुमच्या साच्यात तेच व्हायचं.

पण "पुरेसं दाट" इथेच गोम आहे. तुमच्या वॉटर ग्लासमध्ये, म्हणजे त्या सोडियम सिलिकेटमध्ये, सिलिका खच्चून भरलेली असते. समुद्रात बघा, अशी सिलिका पाण्यात साधारण एक ते दोन हजार मायक्रोमोलरपर्यंत (पाण्यात किती विरघळलंय याचं माप) आरामात विरघळून राहते, आणि समुद्राच्या वरच्या थरात प्रत्यक्षात असते पुष्कळ ठिकाणी १० मायक्रोमोलरपेक्षाही कमी. उत्तर पॅसिफिकच्या खोल भागात जास्त असते तरी दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे समुद्र या बाबतीत कायम उपाशी, तिथे सिलिका आपणहून घट्ट होणं सोडाच, असलेली विरघळायला बघते. तेव्हा स्पंजाला पहिलं काम करावं लागतं ते खेचण्याचं. पेशीच्या पडद्यात त्यासाठी वेगळी वाहक प्रोटीन्स आहेत, काही वाट उघडून देणारी आणि काही ऊर्जा खर्चून ढकलणारी, २०२० च्या एका कामात या दोन्ही मिळून काम करतात असं दाखवलंय. आत आलं की त्या छोट्या पोकळीत ते दाट करायचं. दुसरं काम, दाट झालेलं भलतीकडे जेल होऊ द्यायचं नाही, पेशीत जिथे तिथे जेल झालं तर पेशी मेली. ते फक्त धाग्यावर, ठरल्या जागी, ठरल्या वेगाने बसायला हवं. एन्झाइमचं कौतुक यासाठी. सिलिका करणं सोपं, ती हव्या जागी हवी तेवढीच करणं अवघड.

एक गोष्ट मात्र सांगतो, परीक्षानळीतल्या प्रयोगात जे संयुग वापरलं ते समुद्रात नसतं, स्पंज ते खात नाही. त्यामुळे जिवंत पेशीत सिलिकॅटीनचा वाटा रासायनिक वेग वाढवण्याचा किती आणि नुसता साचा म्हणून किती, यावर अजून वाद चालू आहे, आणि मला स्वतःला साच्याचं पारडं जड वाटतं.

समिधा_पी
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं! काका तुमचा प्रश्न पण भारी. पण आकाराचं राहिलंच ना. एकाच स्पंजात सुया पण असतात, चांदण्या पण, आकडे पण. धागा सरळ आहे तर चांदणी कशी होते?

अनिकेत_बायोकेम
धाग्याला फांद्या फुटतात. काच-स्पंजांत हे स्पष्ट दिसतं, त्यांचे काटे मुळात सहा टोकांचे, तीन अक्ष एकमेकांना काटकोनात, आणि आतला धागासुद्धा तसाच काटकोनात फुटलेला. २०१७ मध्ये ड्रेस्डेनच्या झ्लोत्निकोव्ह यांच्या गटाने सिंक्रोट्रॉन या मोठ्या यंत्राच्या प्रखर एक्स-रेने काट्यांमधले धागे तपासले तर ते प्रोटीन स्फटिकासारखं शिस्तीत रचलेलं निघालं, आणि फांदी कुठल्या कोनात फुटणार हे त्या स्फटिकाच्या रचनेवर ठरतं. काच-स्पंजात रचना चौकोनी म्हणून काटकोन, टेथियासारख्यात षटकोनी म्हणून वेगळे कोन. म्हणजे बाहेरची सिलिका अनियमित, तिला स्वतःचा आकार नाही, आणि आतला मऊ धागा स्फटिक. आपल्याला नेमकं उलट वाटतं. फांदी कधी फुटू द्यायची आणि टोक कुठे बंद करायचं हे पेशी ठरवते.

आणि पाण्याचाही हात असतो. क्रँबे क्रँबे नावाचा भूमध्य समुद्रातला लाल स्पंज आहे, तिथल्या पाण्यात तो साध्या सुयांवर भागवतो. माल्दोनादो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याला जास्त सिलिसिक अ‍ॅसिड असलेल्या पाण्यात वाढवलं तर याने दुसऱ्याच जातीचे, गाठीगाठीचे जाडजूड काटे काढायला सुरुवात केली. म्हणजे कृती अंगात होती, सामान मिळत नव्हतं. त्यावरून त्यांनी असं मांडलं की डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच करणारी सूक्ष्म शैवालं, वाढले, त्यांनी समुद्रातली सिलिका फस्त केली आणि सिलिकाचे दणकट सांगाडे करणारे, खडक बांधणारे जुने स्पंज उथळ पाण्यातून मागे हटले. डायटम अगदी थोड्या सिलिकेतही भराभर खेचतात, स्पंजांना ते जमत नाही, ते मंद.

मृण्मयी_तळेकाठ
सगळे समुद्रावरच बोलताय, म्हणून गोड्या पाण्याची बाजू मांडते. 🙂 काटा तयार झाला म्हणजे सांगाडा झाला असं नाही ना! पेशीच्या पोटातला काटा बाहेर कसा येतो, योग्य जागी कसा जातो, उभा कोण करतो? याचं उत्तर गोड्या पाण्यातल्या एफिडॅशिया फ्लुविएटिलिस या स्पंजात मिळालं. क्योटो विद्यापीठात फुनायामा यांच्या गटाने २०१५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. या स्पंजाच्या जेम्युल्समधून, म्हणजे बीजासारख्या दाण्यांमधून, काचेच्या बशीत बारीकसं पिल्लू वाढवता येतं, ते इतकं पातळ आणि पारदर्शक असतं की आत काय चाललंय ते थेट दिसतं, त्यामुळे त्यांनी एकेका काट्याचा प्रवास व्हिडिओत पकडला.

होतं असं, की काटा करणारी पेशी वेगळी आणि वाहणारी पेशी वेगळी. काटा तयार झाला की वाहक पेशी त्याला चिकटतात आणि मधल्या जेलीसारख्या थरातून, म्हणजे मेसोहाइलमधून, ओढत नेतात, कधी इकडे कधी तिकडे, सरळ रस्त्याने नाहीच. मग एका जागी त्याचं एक टोक बाहेरच्या त्वचेतून भोसकून वर काढतात आणि काटा उभा होतो. खालचं टोक तळाच्या पेशी कोलॅजनसारखा पदार्थ सोडून पक्कं करतात. नंतरचे काटे या उभ्या काट्यांच्या टोकाला जोडले जातात आणि वरची त्वचा त्यांच्यावर ताणून राहते. मांडव घालतात तसंच, आधी खांब रोवायचे, बुडखा ठासायचा, मग वर आडवे बांबू आणि कापड. फक्त इथे नकाशा घेऊन उभा असलेला मंडपवाला कुणी नाही. प्रत्येक पेशी आपापलं काम करते, कुणी वाहते, कुणी भोसकते, कुणी ठासते, आणि त्यातून सांगाडा उभा राहतो, म्हणून समिधाने विचारलेल्या "आकार कोण ठरवतं" याचं संपूर्ण सांगाड्यापुरतं उत्तर हे आहे, काट्यापुरतं उत्तर अनिकेतने दिलं ते.

वेगाचं सांगायचं तर या गोड्या पाण्यातल्या स्पंजांत पावणेदोनशे-दोनशे मायक्रॉनचा एक काटा उबदार पाण्यात साधारण दीड-दोन दिवसांत पुरा होतो. बाकी समुद्रवाल्यांनी आमच्या स्पंजांना कमी लेखू नये, मुंबईच्या तळ्यांतल्या स्पंजांवर हेन्री कार्टर या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने १८४९ मध्येच सविस्तर लिहून ठेवलंय, आणि आपल्याकडे सर्रास सापडणाऱ्या एका जातीला त्याच्याच नावावरून युनेपियस कार्टेरी म्हणतात. उन्हाळ्यात तळं आटलं की बुडालेल्या फांद्यांवर, दगडांवर वाळका, भुरकट, भुसभुशीत थर दिसतो आणि त्यात मोहरीपेक्षा बारीक दाणे, ते जेम्युल्स. हात लावलात तर खाज सुटेल, ती त्याच काट्यांची.

खडपवाला
खाजेवरून आठवलं, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात जुने लोक मडक्याच्या मातीत गोड्या पाण्यातल्या स्पंजांची राख मिसळायचे, काउइशी म्हणतात त्याला. काटे मातीत राहतात आणि भांडं तडकत नाही. बायोकेमिस्ट्री न शिकता कंपोझिट मटेरियल!

जुना_मोल्डर
हे माझ्या गल्लीतलं. आम्ही पण साच्याच्या वाळूत काय काय मिसळायचो तडा जाऊ नये म्हणून. पण मग नुसत्या काचेची ती जाळी, युप्लेक्टेला, ती का फुटत नाही? काच ठिसूळ असते.

अनिकेत_बायोकेम
कारण ती एकसंध काच नाही. युप्लेक्टेलाच्या काट्यात सिलिकाचे एकात एक थर असतात आणि दोन थरांमध्ये अगदी पातळ प्रोटीनचा पदर. बाहेरून तडा आत शिरला की पदराशी पोचून वळतो, पसरतो, जोर संपतो. शिवाय काटे एकमेकांना सिलिकाच्याच सिमेंटने जोडलेले, आणि समिधाने म्हटलेल्या त्या तिरक्या पट्ट्या चौकोनी जाळीला डगमगू देत नाहीत, लोखंडी पुलाला तिरपे सळे मारतात ते उगीच नाही. जोआना आयझेनबर्ग यांनी २००५ मध्ये हे सगळे टप्पे एकाखाली एक मांडून दाखवले. आणि काच-स्पंजांत कारागीर प्रोटीन्स पण थोडी वेगळी, युप्लेक्टेलातून २०१५ मध्ये ग्लासिन नावाचं एक सापडलं, तेही साध्या तापमानाला सिलिसिक अ‍ॅसिडपासून सिलिका जमवतं. त्यांच्या काटे करणाऱ्या पेशी सुद्धा एकमेकींत विरघळलेल्या, अनेक केंद्रकांच्या, कारण मोठा काटा एका पेशीच्या पोटात मावणार कसा?

मोठा म्हणजे किती, तर मोनोराफिस चुनी नावाचा काच-स्पंज खोल समुद्राच्या गाळात एकच काटा रोवून उभा राहतो, तो काटा ३ मीटरपर्यंत लांब आणि बोटाएवढा जाड. शेकडो थर. जर्मनांच्या वाल्दिविया मोहिमेला १८९८-९९ मध्ये हा पूर्व आफ्रिकेच्या बाजूच्या समुद्रात मिळाला, नाव मोहिमेच्या प्रमुख कार्ल चुन यांच्यावरून. अशा एका काट्याच्या थरांवरून त्याचं वय हजारो वर्षं निघालंय, सुमारे ११ हजार, अर्थात यात ३ हजार इकडेतिकडे धरलेत.

युप्लेक्टेलाच्या बुडखाच्या तारा ऑप्टिकल फायबरसारखा प्रकाश नेतात हे पण वाचायला मिळेल, २००३ चं काम आहे आणि प्रयोग पक्का आहे. पण त्यावरून स्पंज प्रकाशाने संदेश पाठवतो वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते सोडून द्या. तो राहतो तिथे उजेड नावाला, आणि पारदर्शक तार असली की प्रकाश जाणारच.

समिधा_पी
सगळ्यांचे खूप आभार, सेमिनारचा विषय ठरला! आता मला स्वतः काटे बघायचेत. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे देवगडला जाणारे, किनाऱ्यावर वाहून आलेला स्पंज मिळाला तर काय करू? घरी होईल का?

खडपवाला
होईल. पण खडपावरचा जिवंत स्पंज खरवडू नकोस, भरतीने वाहून आलेला तुकडा पुष्कळ होतो, काही स्पंजांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि किनाऱ्यावर उभं राहून कुठला कुठला ते ओळखता येत नाही. नखाएवढा तुकडा काचेच्या छोट्या बाटलीत घे, वर साधं घरगुती ब्लीच ओत, रात्रभर ठेव. मांस विरघळतं, तळाशी पांढरट चिखल बसतो, तो चिखल म्हणजे काटे. वरचं पाणी ड्रॉपरने हळू काढून टाक, स्वच्छ पाणी घाल, बसू दे, परत काढ, असं चार-पाच वेळा. मग एक थेंब स्लाइडवर, दहाच्या लेन्सवर सुया दिसतील, चाळीसवर बारीक चांदण्या असतील तर त्या पण. चुन्याचे की सिलिकाचे हे बघायचं असेल तर थोडा व्हिनेगर टाक, चुन्याचे फसफसून गायब होतात, सिलिकाच्यांना काही होत नाही.

फक्त ब्लीच पूर्ण धुऊन गेल्याशिवाय व्हिनेगर घालू नकोस, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. खिडकी उघडी ठेव, हातमोजे घाल, आणि तो स्पंज उघड्या हाताने चुरगळलास तर काटे कातडीत शिरतील, ते चिमट्याने पण निघत नाहीत, चिकटपट्टी लावून ओढली तर थोडेफार येतात.

मृण्मयी_तळेकाठ
आणि लेबल लाव गं, कुठे मिळाला, कधी, रंग काय होता, कारण ब्लीच केल्यावर सगळे पांढरेच दिसतात. फोटो इथे टाक, जात नाही तरी गट सांगता येईल.